तिसऱ्या दिवशी उठलेली

माझा नवरा आद्रास्तोस एका वकिलाकडे कारकून होता. दिवसभर इतरांचे अर्ज आणि साक्षी लिहायचा, उरलेल्या वेळात गोष्ट. पपायरसच्या आठ गुंडाळ्या भरतील एवढी प्रेमकथा त्यानं नऊ वर्षांत लिहिली. आमच्या गावात संगमरवराच्या धुळीनं सगळेच खोकतात. तरी अंगणाअंगणात खोकला दाबून ती ऐकली गेली. तिच्यातली मुलगी तापानं मरते आणि तिसऱ्या दिवशी, थडग्याकडे न्यायला बाज उचलताना, डोळे उघडून पाणी मागते. तिथं बायका हमखास रडायच्या. वाचायची मीच. त्याला रेघा मारून देता देता अक्षरं मी आपली आपणच शिकले होते.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या तातियाची लेक मेल्तिनी गेली. सतरा वर्षांची, तापानंच. आमच्याकडे मेलेल्याला तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत नेतात. तातियानं नेऊ दिलं नाही. चौथ्या दिवसाची दुपार झाली. वासापुढे खाली पसरलेल्या मरव्याचा काही उपयोग होईना; गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. पल्याड जाताना नावाड्याला द्यायचं नाणंही तिनं लेकीच्या तोंडातून काढून घेतलं होतं. पाणी मागायचं तर तोंड मोकळं हवं, म्हणाली.

तिचा दीर मेनेक्लेस आमच्या दारात आला. "एरवी दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी लिहितोस," तो आद्रास्तोसला म्हणाला, "आता एक खरी दे. चल."

आम्ही दोघंही गेलो. तातिया बाजेशी बसून माश्या हाकत होती. उशाशी पाण्याचा पेला. तिनं माझ्या नवऱ्याला अगदी साधेपणानं विचारलं, तुझी पोर नेमकी कधी उठली? तो म्हणाला, बाज उचलताना. मग हिला अजून कुणी उचललंच नाही, असा तिचा हिशेब होता.

आद्रास्तोस बाजेपाशी खाली बसला.

"तातिया, ते मी मनानं रचलंय. गेलेलं माणूस उठत नाही."

"मग तुझी का उठवलीस?"

गोष्ट सुरू केली त्याच्या आदल्या वर्षी आमची चार वर्षांची लेक गेली होती. तिला आम्ही वेळेत नेलं, सगळं रीतीनं. नंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही.

"आमची उठली नाही," तो म्हणाला. "म्हणून."

तातियानं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. मग तिनं पेला उचलून दिराच्या हातात दिला आणि माणसांना आत बोलवायला सांगितलं.

आद्रास्तोसनं त्यानंतर अर्जांखेरीज काही लिहिलं नाही. तो गेला तेव्हा वकिलानं त्याच्या थडग्यावर 'प्रामाणिक कारकून' असं कोरून घेतलं. गोष्टीचा उल्लेख नाही. गोष्ट मात्र हिंडत राहिली. परवा एफेससचा एक तेलवाला तिची नक्कल घेऊन आला होता. वर भलत्याचंच नाव. ऐकाच एकदा, म्हणून त्यानं मला आग्रह केला. मी ऐकली. नकलेत एक तुकडा गाळला होता, ते त्याला सांगितलं नाही.

गावातल्या बायका अजूनही मला वाचायला बसवतात. तातिया येते, मागं बसते. ती मुलगी पाणी मागते तिथवर ऐकते आणि उठून घरी जाते. पुढे त्या पोरीचं लग्न कुणाशी झालं, ते तिला आजवर माहीत नाही.