सात अंश

क्लबाला चाळीस वर्षं झाली म्हणून शर्यत जुन्या नकाशावर घ्यायची, ही टूम सेक्रेटरीची. नकाशा माझ्या हातचा. मी तेव्हा मोजणी खात्यात ड्राफ्ट्समन होतो, आणि दोन हिवाळे दर सुट्टीला जंगल पायाखाली घालून तो शाईने काढला होता. आजकाल लोक मोबाइलला विचारून कोपऱ्यावरचं दुकान गाठतात. त्यांच्या हातात हा कागद पडणार म्हटल्यावर मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

शर्यत साधी असते. नकाशावर पंधरा गोल, प्रत्येक गोलाच्या जागी जंगलात एक नारंगी निशाण टांगलेलं. कंपास लावून ती ओळीने गाठायची, कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं.

गोम एवढीच, की कंपासचा काटा जी उत्तर दाखवतो ती एका जागी राहत नाही, वर्षावर्षाला थोडी सरकते. माझ्या नकाशावरच्या उत्तरेच्या रेघा चाळीस वर्षांपूर्वीच्या, आणि आजचा काटा त्यांच्यापासून सात अंश दूर. लेकीला हे मी ती नऊ वर्षांची असताना शिकवलं. जुना नकाशा हातात आला की आधी साल बघायचं, काटा किती सरकला ते काढायचं, तेवढं वळवायचं, मग पाऊल उचलायचं. चुकली की पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायचो. बायको म्हणायची, "अहो, पोर आहे ती, शिपाई नाही." पण लेक तयार झाली. आज चौतिशीची आहे आणि क्लबात तिचा हात धरणारं कोणी नाही.

नकाशा छापायला द्यायच्या आदल्या दिवशी मनात आलं, बाकीच्यांना हे कुठलं माहीत? निम्मे भरकटतील. म्हणून मूळ कागदावरच्या रेघा ब्लेडने खरवडल्या आणि आजच्या काट्याप्रमाणे नव्या ओढल्या. जाडी तीच, शाई तीच. आता कोणी काही वळवायची गरज नव्हती. शर्यतीआधी हे सर्वांना सांगायचं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी धुकं होतं. सेक्रेटरीने माइक हातात घेतला. "आमच्या हेडमास्तरांचा चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा. एका रेघेलाही हात लावलेला नाही." टाळ्या पडल्या. लेक पुढेच उभी होती, सगळ्यांत जोरात तीच वाजवत होती. माझ्या पाठीमागे मला हेडमास्तर म्हणतात हे मला माहीत होतं, त्या दिवशी ते तोंडावर ऐकून बरं वाटलं. मी उठलो, मान लववली आणि खाली बसलो. रेघा बरोबर आहेत, मग सांगितलं काय आणि नाही काय, असं मी मनाला समजावलं. ज्याला खरंच काही येतं असं एक माणूस समोर उभं आहे, हे डोक्यातच आलं नाही.

बारापर्यंत सगळे परतले. बेकरीवाला, ज्याला गेल्या वर्षी स्वतःची गाडी कुठे लावली ते सापडलं नव्हतं, तोही पंधरा भोकं पाडून आला. लेक आली नाही.

"तिची काय काळजी," सेक्रेटरी म्हणाला. "झोपेत सोडली तरी येईल."

एक वाजला. बायको थर्मासचं झाकण उघडत होती, लावत होती. मी टेबलावरचा नकाशा ओढला. नवव्यापर्यंतची निशाणं जवळजवळ, तिथे सात अंशांनी पाच-दहा पावलांचाच फरक पडतो; पण नवव्यापासून दहावं बाराशे मीटर. बरोबर असलेली दिशा मी सात अंश वळवली आणि पट्टी ठेवून रेघ ओढली. रेघ दगडाच्या जुन्या खाणीत गेली.

"खाणीत बघा," मी म्हटलं.

"खाण वाटेपासून दीडशे मीटर बाजूला आहे. ती तिकडे कशाला जाईल?"

"बघा म्हणतोय ना."

काठावर झुडपं माजली होती, त्यात धुकं. ती तळाशी सापडली. जिवंत होती.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण मणका तुटलाय, पायांचं काही सांगता येत नाही. ऑपरेशनला नेण्याआधी आम्हाला दोन मिनिटं आत सोडलं. बायकोने तिचा हात धरला.

"बाबा," लेक म्हणाली, "मी सात अंश वळवले होते. दोनदा तपासलं. कुठे चुकले मी?"

बायको माझ्याकडे बघत होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर मी लाल पेन्सिल फिरवली. एक वाक्य बोलायचं होतं, तूच एकटी बरोबर होतीस, एवढंच. ते ओठांपर्यंत आलं. पण त्यानंतर या दोघी माझ्याकडे ज्या नजरेने बघतील तिची मला भीती वाटली. भीतीच, दुसरं काही नाही.

"घाई केलीस," मी म्हटलं. "उलट्या बाजूला वळवलंस."

तिने डोळे मिटले. ती मनातल्या मनात काटा फिरवून बघत असावी. मग कानशिलावरून पाणी ओघळलं.

"इतकं शिकवलंत तुम्ही," ती म्हणाली. "रागावू नका, बाबा."

"नाही रागावलो," मी म्हटलं.