रंगवलेली उबवणपेटी

मित्रांनो, मी एक जुनी उबवणपेटी आहे. कोंबडी अंड्यांवर बसून जे काम करते तेच मी करते. फक्त मी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. पत्र्याचं अंग, काचेचं दार, आत जाळीचे कप्पे आणि तळाशी पाण्याची थाळी, एवढाच माझा संसार. कारखान्यातून मी थेट या प्रयोगशाळेत आले, तेव्हा लोक मला मुद्दाम बघायला यायचे. आता माझं दार नीट लागत नाही, दोरीने बांधावं लागतं.

माझ्यापाशी एक संशोधक बाई काम करतात. त्या अंड्याच्या कवचाला छोटीशी खिडकी पाडतात, आतला जीव बघतात आणि चिकटपट्टी लावून ती बंद करतात. त्यांच्यामुळे मलाही चार गोष्टी कळल्या. पिल्लाचा पंख एकदम येत नाही. आधी नुसता कोंब फुटतो. कोंबाच्या टोकाच्या पेशी आतल्या पेशींना निरोप देतात, ‘वाढत राहा.’ मागच्या कडेच्या पेशी सांगतात, कुठलं बोट कुठे; पंखाच्या आतही बोटांची हाडं असतात. हे निरोप म्हणजे शरीराने बनवलेली रसायनंच. बाहेरचं एखादं रसायन ऐन वेळी मध्ये घुसलं, तर निरोप बुडतो आणि पंख आखूड राहतो. अशी रसायनं कोणती, ते बाई शोधत होत्या. काही अंड्यांना त्या रसायनाचा थेंब देत, काहींना तुलनेसाठी नुसत्या मिठाच्या पाण्याचा.

आमच्या शिपाईमामांचा माझ्यावर फार जीव. एका सुट्टीत त्यांनी माझे गंजलेले कप्पे घासले आणि लेकीच्या खोलीसाठी आणलेल्या डब्यातला थोडा रंग मला आतून फासला. खरं सांगते, मी हुरळून गेले. उग्र वास सुटला होता, पण नटायचं म्हटल्यावर वासाकडे कोण बघतं!

मग आक्रीत घडलं. नुसतं मिठाचं पाणी दिलेल्या अंड्यांतही आखूड पंखांची पिल्लं दिसू लागली. बाई हवालदिल झाल्या. मोठे सर आले आणि म्हणाले, “पेटी म्हातारी झाली. ऊब कमीजास्त होत असणार. भंगारात काढा.” मित्रांनो, मला फार लागलं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बाईंनी माझी ऊब मोजली. ती अगदी बरोबर होती. मग त्यांनी दार उघडून डोकं आत घातलं आणि नाक मुरडलं.

“मामा, आतून रंग कुणी दिला?”

“मीच. कशी चकाचक दिसतेय ना?”

“बहुतेक त्याचीच वाफ अंड्यांना लागली. कवचाला बारीक भोकं असतात हो.”

मामांचा चेहरा उतरला. “अरे देवा! मी तर हिचं भलं करायला गेलो.”

“मी रागावत नाहीये. बाकीचा रंग कुठंय?”

मामांनी खिशातला फोन चाचपला. “घरी. पोरगी आलीये. नुकतेच दिवस गेलेत तिला. आज सकाळपासून स्वतःच खोली रंगवतेय, खिडक्या लावून. ओल्या रंगावर धूळ बसते ना.”

“पिल्लाचं झालं ते माणसाचं होईलच असं नाही,” बाई म्हणाल्या, “पण बाळाचे हातपाय घडायचे हेच दिवस. जोखीम कशाला घ्यायची? लावा फोन.”

मामांनी एका हाताने माझी दोरी घट्ट धरली होती.

“बाळा, आधी बाहेर ये. ब्रश राहू दे तिथंच. आईला म्हणावं, सगळ्या खिडक्या उघड. आणि आज डॉक्टरांना दाखवून ये. नाही गं, चिडलो नाहीये. तू ये बाहेर.”

पुढे माझे कप्पे बदलले आणि आतला रंग खरवडून काढला. पाण्याच्या अंड्यांतली पिल्लं पुन्हा धड पंखांची निघाली. मला भंगारात काढायची गोष्ट कुणी पुन्हा बोललं नाही.

एके दिवशी मामा नातीला कडेवर घेऊन आले. पिल्लं बघून ती खिदळली आणि माझ्या काचेवर तिने हात आपटला. पाचही बोटं लख्ख उमटली. मामांनी ती एकेक करून मोजली. मीही मोजली.

त्या रंगाने काही झालं असतं की नसतं, कुणालाच सांगता येणार नाही. पण मित्रांनो, घरात रंग, फवारा, औषध आणाल तेव्हा आसपास कोण आहे ते आधी बघा. ज्याचे हात अजून घडायचे आहेत, त्याला खिडकी उघडता येत नाही. ती तुम्हीच उघडायची.

मामा अजून रोज माझी काच पुसतात, तेवढा पंजा सोडून.