पाठीवर सोळा नावे

मित्रांनो, माझ्या छातीवर चार ओळी आहेत आणि पाठीवर परवापर्यंत सोळा नावे होती. छातीवर कोलकात्याच्या एका लॉजचे नाव, गल्लीचा दोन ओळींचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक आणि कोपऱ्यात निळ्या शाईतले पारिजातकाचे फूल आहे. पाठीवरची नावे मात्र छापलेली नाहीत. ती माणसांनी आपापल्या हाताने लिहिली आहेत. तळहातात मावणारे, मऊ पडलेल्या कडांचे मी एक पिवळट कार्ड. तरीही देशाच्या सीमेअलीकडच्या खुलन्यातल्या या ताग-गिरणीच्या वस्तीने मला तावीज जपावा तसे जपले. मला कोणी कधी भिजू दिले नाही. माझी कोणी कधी उलटतपासणीही केली नाही.

माझा जन्म एका अंधाऱ्या छापखान्यातला. शिशाचे खिळे जुळवून माझ्या चार ओळी बांधल्या गेल्या आणि यंत्राने त्या इतक्या जोराने दाबल्या, की अक्षरे अजूनही बोटाला लागतात. आम्ही पाचशे भावंडे होतो. शेफालिका लॉजचे मालक निखिलबाबू आम्हांला टेबलावर काचेच्या पेल्यात उभे करून ठेवीत. इस्पितळाच्या मागच्या गल्लीतले ते चार मजली घर. त्याला पुढे एक जिना होता, मागे एक. आणि मागचा इतका ऐसपैस, की आजाऱ्याला खुर्चीसकट चौघांनी सहज उतरवावे. निखिलबाबू रुग्णांसाठी शिंगी माशाचे पातळ कालवण करवून घेत आणि स्वतः चाखून वर पाठवीत. मीठ कमी आहे अशी तक्रार करू नका, डॉक्टर माझ्यावर ओरडतात, असे ते प्रत्येकाला सांगत.

एके सकाळी त्यांनी मला उचलून खुलन्याच्या इद्रिस मिस्त्रींच्या खिशात घातले. मिस्त्री तीनशे चार क्रमांकाच्या खोलीत एकोणीस दिवस राहिले होते आणि मूत्रपिंडाचे दुखणे कोलकात्यातच सोडून निघाले होते. वस्तीत पाऊल ठेवताच ते मिठाईचा डबा घेऊन जुलेखा खालांकडे, वस्तीच्या मावशीकडे, गेले. खाला गोधड्या शिवत आणि वस्तीची सुखदुःखेही त्याच दोऱ्याने टाचून ठेवीत. त्यांच्यासमोर मिस्त्रींनी माझ्या पाठीवर आपले नाव लिहिले, खाली खोलीचा आकडा लिहिला. खालांनी मला सुपारीच्या डब्यात ठेवले. तिथून रीत पडली.

रीत अशी होती. ज्याला उपचारासाठी सीमेपलीकडे जायचे असेल, त्याने खालांकडून मला न्यावे आणि मिस्त्रींना लाभलेली तीनशे चारच मागावी. जो बरा होऊन येईल, त्याने मिठाई आणावी आणि नाव लिहावे. ज्याचा माणूस परत येणार नाही, त्याने मात्र मला स्वतः आणू नये. कागदात गुंडाळून दुसऱ्याच्या हाताने पाठवावे. मग खाला काही विचारत नसत आणि ते घर काही सांगत नसे. प्रवासाला निघालेल्या आजाऱ्याच्या कानावर मरणाची गोष्ट पडू नये, एवढेच सर्वांना हवे असे. त्यात दुष्टावा नव्हता, मित्रांनो, मायाच होती. पण गेल्या थंडीपर्यंत मी सत्तावीस आजाऱ्यांबरोबर सीमा ओलांडली होती आणि माझ्या पाठीवर नावे सोळाच होती. उरलेली अकरा माणसे कागदाच्या घडीत राहिली. माझ्या पाठीवरचे एकही अक्षर खोटे नव्हते. तरी ती पाठ खरी नव्हती.

पुढे निखिलबाबू वारले. लॉज विकले गेले आणि नावासोबत दूरध्वनीचा क्रमांकही विकला गेला. नव्या मालकाने दर्शनी बाजूला काचेचे दार बसवले. लिफ्ट आणली, आणि तिच्यावर बहुतेक दिवस ‘बंद आहे’ अशी पाटी झुलू लागली. मागच्या जिन्यात गाद्या आणि गॅसच्या टाक्या रचून त्याने प्रत्येक मजल्यावरच्या दाराला कुलूप घातले. पुढचा जिना कापून आणखी खोल्या काढल्या. दरवर्षी कोणाच्या तरी मुठीतून मी ते घर अरुंद होताना पाहिले. माझ्या चार ओळी मात्र तशाच राहिल्या. छापलेल्याला लाजही वाटत नाही आणि बदलताही येत नाही.

गेल्या थंडीत हासिना तिच्या नवऱ्याला, लोकमानला, घेऊन तिथे गेली. महिन्याने मी परतले ते वर्तमानपत्राच्या कागदातून, तिच्या भावाच्या हाताने. खालांनी कागद सोडला, मला पदराने पुसले, डब्यात ठेवले. काय घडले ते मी पाहिले होते. पण मला तोंड नव्हते, आणि जिला होते तिने ते मिटून घेतले.

मग फाल्गुन आला. बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकावर पहारा करणाऱ्या तोफाज्जलची मुलगी नाफिसा अकरा वर्षांची होती, आणि तिच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी तिला कोलकात्याला न्यायला सांगितले आणि जिने चढू देऊ नका असे बजावले. तोफाज्जलने आणि त्याची बायको रोकसाना हिने सीमेपलीकडचे झाडही पाहिलेले नव्हते. ऑपरेशनची तारीख मिळाली, प्रवासाचे कागद मिळाले. परक्या शहरात डोके कुठे टेकायचे, एवढाच प्रश्न उरला. रोकसानाचा धाकटा भाऊ शिहाब तीन संध्याकाळी मोबाईलमध्ये हॉटेले धुंडाळत बसला. एक त्याला सापडलेही. तळमजल्यावरची खोली, इस्पितळासमोर, लोकांनी पाचांपैकी चार तारे दिलेले. तोफाज्जलची मान होकाराकडे झुकू लागली होती. तेवढ्यात जुलेखा खाला सुपारीचा डबा घेऊन आल्या आणि चटईवर बसल्या.

“हे तारे दिले कुणी?” त्यांनी शिहाबला विचारले.

“लोकांनी, खाला. तिथं राहून गेलेल्यांनी.”

“नावं सांग की त्यांची. कुणाची मुलं, कुठल्या गल्लीतली?”

शिहाब मोबाईलवर बोट सरकवू लागला. खालांनी मला पालथे करून त्याच्यासमोर ठेवले. “हा इद्रिस. हा मजीद दर्जी. ही आपली फुलबानू. सोळा जण, सोळाही आपल्या पायांनी घरी आले. तुझे तारे आभाळात टांग, बाळा.”

सगळे हसले. रोकसाना हसता हसता रडू लागली आणि तिने मला कपाळाला लावले. तिसरा मजला आहे, मुलीला झेपेल का, असे तोफाज्जल चाचरत म्हणाला. तेव्हा आता तिथे लिफ्ट आहे, फुलबानू लिफ्टनेच वर गेली होती, असे खालांनी सांगितले. ते खरेच होते. फुलबानू गेली त्या दिवशी लिफ्ट चालू होती.

मला घेऊन रोकसाना बाहेर पडली, तेव्हा हासिना हातपंपावर पाणी भरत होती. तिने मला ओळखले. दांड्यावरचा तिचा हात थांबला.

“कधी निघताय, भाबी?”

“जुम्म्याला. दुआ कर गं.”

हासिनाचे ओठ हलले. मग तिने मान खाली घातली आणि काठोकाठ भरलेल्या कळशीतच पुन्हा पाणी ओढू लागली. ते तिच्या पावलांवरून वाहत राहिले. आत जे साचले होते, ते मात्र थेंबभरही बाहेर आले नाही.

शुक्रवारी दुपारी बस कोलकात्याला पोहोचली. मी तोफाज्जलच्या सदऱ्याच्या खिशात होते. त्याचे काळीज माझ्या पाठीवरच्या सोळा नावांवर धडकत होते. उतरताच दलालांनी घेरले. एकाने पिशवी धरली, दुसऱ्याने कोपर. तोफाज्जलने मला ढालीसारखे पुढे धरले, तेव्हा ते पांगले. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. त्याची आठवण आजही मला जाळते.

काचेच्या दारामागचा व्यवस्थापक हसून म्हणाला, “तीनशे चार ना? तुम्हा खुलन्याच्या लोकांना दुसरा आकडाच येत नाही.” खोली रिकामी होती. लिफ्टवर पाटी झुलत होती. दोन तासांत चालू होईल, तोवर सावकाश चढा, घाई कसली, असे त्याने सांगितले. तोफाज्जलने मुलीला पाठीवर घेतले. पण जिना इतका चिंचोळा होता की तिचे गुडघे दोन्ही भिंतींना घासू लागले. “अब्बू, सोडा, मी चालते,” ती म्हणाली. पहिला मजला सरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती मटकन खाली बसली. तिच्या ओठांवर जांभळाची साल चिकटल्यासारखा रंग चढला होता.

वरून फरशी पुसत येणारी बाई बादली घेऊन थबकली. कुठून आलात, तिने विचारले. खुलना, असे ऐकताच तिचा चेहरा उतरला.

“पोरीला त्या पायरीवरून उठव, दीदी.”

“का?” रोकसाना म्हणाली.

“गेल्या थंडीत तुमच्याच गावचा माणूस त्या पायरीवर गेला. भर दुपारी. त्याचा श्वास अडकला, लिफ्ट बंद. खुर्चीत घालून उतरवत होते, तर खुर्ची या वळणात फसली. मागच्या जिन्याला कुलूप, चावी मालकाकडे, आणि मालक घरी जेवायला गेलेला. बायको पदरानं वारा घालत बसली होती. लोकमान, लोकमान म्हणत.”

रोकसानाने नवऱ्याच्या बोटांतून मला काढून घेतले, पालथे केले आणि सोळा नावे दोनदा वाचली. लोकमान त्यांत नव्हता. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले, असे मला वाटले. कोरी राहिलेली जागाही तिने पाहिली.

“उतरायचं,” ती म्हणाली.

“अगं, पण खोली...” तोफाज्जल पुटपुटला.

“खोली बरं करते म्हणता? मग त्याला का नाही केलं?”

मुलीला दम खाऊ देऊन ते एकेक पायरी खाली आले. त्या गल्लीत रोकसानाने चार दारे वाजवली. भाडे विचारण्याआधी ती म्हणे, मागचं दार उघडून दाखवा. चौथ्या घरात एका म्हातारीने कुरकुरत दार उघडले. बाहेर अंगण होते, अंगणातून सरळ रस्ता होता. तिथे ते तळमजल्यावर राहिले. नवव्या दिवशी ऑपरेशन झाले. नाफिसाच्या ओठांना त्यांचा रंग परत मिळाला.

तोफाज्जलने घरी फोनवर सांगितले, पोर बरी आहे. लॉज बदलल्याचे तो बोलला नाही. खालांना वाईट वाटेल, गेल्यावर सांगू, असे त्याने बायकोला म्हटले आणि दमलेल्या रोकसानाने मान हलवली. तेव्हा मला भीती वाटली, मित्रांनो. पुन्हा एक घडी पडत होती, आणि या वेळी ती सुखाच्या हातांनी पडत होती.

परतल्यावर मात्र रोकसाना मला घेऊन आधी हासिनाकडे गेली. तिने जिन्याचे वळण सांगितले. हासिना उंबऱ्यावरच बसली.

“त्या दिवशी पंपावर सांगणार होते, भाबी. वाटलं, माझ्या तोंडून निघालं तर पोरीला कुफा लागेल, अपशकुन होईल.”

रोकसानाने जुलेखा खालांना बोलावून घेतले. सगळे ऐकून खालांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी स्वतःच पेन पुढे केले. “लिही. त्या कुलपाचंही लिही. बाकीच्या दहा घरी मी जाते.” हासिनाने लिहिले: लोकमान. दुसऱ्या मजल्याचे वळण. मागच्या जिन्याला कुलूप. पेनाचे टोक माझ्यात रुतले आणि मला प्रथमच माझी पाठ माझी वाटली.

तेवढ्यात शिहाब हसत आत आला. निघण्यापूर्वी त्याने माझी दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली होती. ऑपरेशन यशस्वी झाल्याचे कळताच, आपण तारे दाखवून केलेल्या शहाणपणाची भरपाई करावी, म्हणून त्याने ती रुग्णांच्या नातलगांच्या एका गटात टाकली होती. खाली लिहिले होते, आमची भाचीही इथेच बरी झाली. “खाला, तुमचं कार्ड आता शेकडो मोबाईलांत गेलंय. हे बघा, शेजारच्या बागेरहाटची एक बाई लिहितेय, वडिलांना घेऊन पोहोचले, तीनशे चारच मागितली.” त्याच्याबरोबर कोणीच हसत नव्हते.

त्या छायाचित्रात सोळाच नावे होती.

रोकसानाने माझ्यावरचा क्रमांक लावला. पलीकडून तोच हसरा आवाज आला. “बागेरहाटचे? आले ना. आत्ताच वर चढताहेत. म्हातारे आहेत, थांबत थांबत चालले आहेत.” त्यांना खाली बोलवा, रोकसाना म्हणाली. तुम्ही त्यांच्या कोण, असे त्याने विचारले. तेव्हा हासिनाने तिच्या हातातून फोन घेतला.

“त्यांच्या मुलीला फोन द्या. लोकमानची बायको बोलतेय म्हणून सांगा.”

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग कोणाची तरी पावले जिन्याकडे गेली. आम्ही सगळे ऐकत राहिलो.

मित्रांनो, तुम्हीही कधी परक्या शहरी पहिल्यांदा जाल. कोणी तुम्हांला माझ्यासारखे कार्ड देईल, कोणी तारे दाखवील. ते नाकारू नका, पण तेवढ्यावर विसंबूही नका. मिठाई घेऊन आलेल्याला विचारून झाले, की जो गप्प आहे त्याच्या दारी जा. आणि गप्प राहणारे तुम्हीच असाल, तर उगीच थांबू नका. तुम्ही शब्द जुळवत असता, तेव्हा कोणीतरी जिना चढत असते.