रुमाल काढा, शेट

शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा भाव कुणी तोंडानं बोलत न्हाय. अडत्या आणि घेणारा समोरासमोर बसत्यात, हातांवर रुमाल टाकत्यात आणि खाली बोटं धरून सौदा हुतोय. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. ज्याचा गूळ हाय तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडं बघतोय. महाराजांनी पेठ वसवल्यापास्नं असंच चाललंय. गुळाचं चालू दे की, मला काय त्याचं! पण माझ्या कागदावर रुमाल टाकला तवा माझं डोसकं फिरलं.

माझा कागद म्हंजे विलायती कंपनीचं शेअर. हसू नका. माझा नवरा फक्रुद्दीन कोलारकडं सोन्याच्या खाणीवर एका साहेबाच्या घोड्यांना नाल मारायचा आणि मी त्या साहेबाचं पोरगं सांभाळायची. पोराला देवी आल्या तवा मडम दारातनं आत येईना. मी त्याला मांडीवर घेऊन बसले, रात्र म्हणलं न्हाय की दिवस म्हणलं न्हाय. पोरगं वाचलं. पुढं साहेब विलायतेला परत निघाला तवा त्यानं त्या खाणीचं वीस शेअर माझ्या नावावर करून दिलं. नवऱ्याच्या न्हाय, माझ्या! खाणीत तवा दगडाबिगर काय गावत नव्हतं. फक्रुद्दीन म्हणाला, "घोड्याचं शेण दिलं असतं तर परवडलं असतं की गं, परड्यात तरी टाकलं असतं."

मग खाणीला सोनं लागलं. तोवर फक्रुद्दीन अल्लाला प्यारा झाला आणि मी कोल्हापूरला परत आले. वर्षाचा नफा लंडनहून मुंबईच्या बँकेत यायचा, तिथनं गुंडूशेटकडं. गुंडूशेट गुळाचा अडत्या, पण मुंबईच्या दलालांची कामंबी करायचा. आपली दलाली कापून तो रुपये माझ्या दिराच्या हाती धाडायचा. किती कापली, मी कधी इचारलं न्हाय. त्या रुपयांवर माझी चूल पेटायची. दिराच्या दारात ताटली घेऊन उभं राहायची येळ माझ्यावर आली न्हाय, ती त्या कागदामुळं.

तर एका साली माझा दीर बादशहा सांगत आला, "भाबी, गुंडूशेट म्हणतोय नवा कायदा आलाय. परदेशी शेअर नुसतं ठेवायचं तरी दरसाल लंडनला फी भराय लागतीया. नफ्यापरास फी जास्त. विसांचं मिळून शंभर रुपये द्यायला तो तयार हाय, तवर विकून मोकळी हो."

भ्याले की मी! लंडन कुणी बघितलंय? लंडनचा कायदा हाय म्हणलं की आमच्यासारख्यांनी मान खाली घालायची. विकायचं म्हणून मनाशी ठरवलं, कागद पदरात बांधला आणि बादशहाबरोबर पेठेत गेले.

सौद्याचीच येळ हुती. गुळाच्या गाड्या लागलेल्या, माणसांची ही गर्दी. गुंडूशेटनं गादीवरनंच विक्रीचा एक छापील कागद पुढं सरकवला; किमतीची जागा कोरीच.

"ह्यावर आंगठा दे, अमीरबी. किंमत आम्ही मागनं भरतो."

"कोऱ्या कागदावर?"

"रीतच हाय ती."

"आणि दलाली किती जाणार?"

"लंडनचा दलाल, मुंबईचा दलाल, स्टांप, टपाल, पौंडाचं रुपये करायचं... तुला काय कळणार त्यातलं? मी आणि बादशहा बघतो." आणि बादशहाकडं वळून म्हणाला, "शेकड्यात बोल रं."

झालं! दोघांनी हात पुढं केलं आणि वर रुमाल पडला.

मी तिथंच उभी. माल माझा, नाव माझं, पोराच्या अंगावरच्या फोडांना हात लावला तो माझा, आणि भाव ठरतोय दोन बाप्यांच्या बोटांत! माझ्या पायाची आग मस्तकाला गेली. पुढं झाले आणि रुमाल धरून वढला.

अख्खी पेठ वळून बघाय लागली. आजवर कुणी रुमाल वढला नव्हता. दोघांचं हात हुतं तसंच राहिलं. गुंडूशेटच्या मुठीत बादशहाची चार बोटं.

"चार!" कागलचा सयाजी गाडीवान मागनं वरडला. "शेकड्यात चार! चारशे की गं आक्का!"

मला सांगितलं हुतं शंभर. मी बादशहाकडं बघितलं. त्यानं बोटं वढून घेतली.

"वरचं तीनशे कुणाच्या खिशात जाणार हुतं रं मुडद्या? माझ्या ताटातली भाकरी खाल्लीस की रं तू!"

गुंडूशेट तरातरा उठला. "पेठेतला रुमाल बाईमाणसानं वढायचा? लाज हाय का?"

"लाज मला इचारतोस? बाईमाणसाच्या नावावरचा माल हाय, शेट. आता तोंडानं सांगा. मुंबईची दलाली किती?"

तो पाठ फिरवाय लागला. तवा सयाजी पुढं आला. "सांगा की शेट. न्हायतर माझ्या गुळाच्या गाड्या दुसऱ्या अडतीत फिरवतो." मागनं आणि दोघं-चौघं व्हय व्हय म्हणालं.

गुंडूशेटनं गाड्यांकडं बघितलं. "मुंबईची शेकडा एक रुपाया."

"लंडनची?"

"तेवढीच."

"स्टांप? नावाच्या नोंदणीची फी?"

"ती... घेणारा भरतो."

"आणि तुमची?"

"दोन रुपये."

"आणि दरसाल शेअर ठेवायची फी?"

तो रुमालाकडं बघाय लागला. रुमाल माझ्या हातात हुता.

"काय लागत न्हाय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"ठेवायला काय बी लागत न्हाय!"

या अल्ला! ज्या फीच्या भ्यानं मी चूल इझवायला निघाले हुते, ती फी नव्हतीच कुठं. रुमाल मी मुठीत आवळला. रागानं का सुटल्यागत झालं म्हणून, मलाच कळंना.

"अमीरबी, ऐक," गुंडूशेट हळू आवाजात म्हणाला, "पाचशे देतो. रोख."

"पाच न्हाय, पन्नास शेकडं दिलंस तरी विकायचं न्हाय. माझी बोटं मी कुणाला धरू देणार न्हाय."

कोरा कागद मी त्याच्या गादीवर टाकला, माझा पदरात बांधला आणि एकटीच घरी आले. बादशहा कैक दिवस फिरकला न्हाय. मग एक दिवस भूक लागल्यावर आला. भाकरी वाढली मी. पण नफ्याचं रुपये आणायला त्याला पुन्यांदा कधी धाडलं न्हाय.

आता दरसाल मीच जाते. पेठेत अजून गुळाचा सौदा रुमालाखालीच हुतोय. पण मी आले की गुंडूशेट पहिल्यांदा रुमाल खांद्यावर टाकतो, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवतो आणि आपली दलाली साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशी सांगतो.