फाट्यावरचा फ्लेक्स

राजेश्रीने करकचून ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि हेल्मेटची काच वर केली. चुडाव्याच्या फाट्यावर, रसवंतीला लागून, दोन बांबूंना ताणून बांधलेल्या नव्याकोऱ्या फ्लेक्सवर दीपिका हसत होती. वाडीची दीपिका. दीपिका रायभान देवकते, इयत्ता पाचवी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. पाच वर्षं तिची हजेरी राजेश्रीनेच घेतली होती. आणि इथे तिच्या डोक्यावर फाट्यावरच्या इंग्लिश शाळेचं नाव होतं, खाली संस्थाचालक चंद्रभान सर हात जोडून उभे होते, आणि मधोमध लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'नवोदय परीक्षेत आमच्या शाळेचे घवघवीत यश.'

फोटो तिने लगेच ओळखला. न ओळखून काय करते, तिनेच तर काढला होता. नवोदयचा फॉर्म भरायच्या दिवशी पोरीला शाळेच्या निळ्या भिंतीपुढे उभं केलं, विस्कटलेले केस हातानेच चापून बसवले, पर्समध्ये एक पिवळ्या फुलाची क्लिप सापडली ती लावली आणि मोबाइलवर फोटो घेतला. ती भिंत आता नव्हती. तिच्या जागी सोनेरी किरणं फाकली होती. शर्ट तोच होता, पण कॉम्प्युटरवाल्याने त्यावर एक निळा टाय अडकवला होता. घाईत अडकवला असावा, जरा तिरका बसला होता.

"वा रे वा," ती हेल्मेटच्या आतच म्हणाली.

निकाल लागून चार दिवसही झाले नव्हते. अख्ख्या जिल्ह्यातून ऐंशी लेकरं घेतात, सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी खर्चाने ठेवून शिकवतात, आणि त्या ऐंशीत मेंढरं राखणाऱ्याची पोरगी लागली. वाडीतून पहिलीच. त्यासाठी जुलैपासून राजेश्री रोज शाळेच्या एक तास आधी जायची. नवरा नांदेडला नोकरीला, घरी ती आणि लेक भक्ती दोघीच. भक्तीच्या डब्यात पोळी गुंडाळून ठेवायची आणि निघायची. स्वतःची वेणी स्वतः घालायला भक्ती त्याच वर्षी शिकली. दार ओढून घेऊन पिवळ्या बसची वाट बघायलाही तेव्हाच शिकली.

दीपिकाच्या निकालावर राजेश्रीने काय काय बांधून ठेवलं होतं. वाडीच्या शाळेचा पट एकवीस. पाचवीची चार जाणार, पहिलीत सहा येणार. ती सहा आली तर शाळा तरली. नाही आली तर पट वीसच्या खाली, आणि मग शाळा राहील का जाईल हे केंद्रप्रमुखालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पाडव्याला ती दारोदार फिरली होती. लोक चहा पाजायचे, "बघू की मॅडम" म्हणायचे. आता बघू म्हणायची वेळच येणार नाही असं तिला वाटलं होतं. निकालाच्या दिवशी तिने शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर रंगीत खडूने दीपिकाचं अभिनंदन लिहिलं, भोवती वेल काढली. त्या फळ्यासमोरून दिवसभरात वाडीच्या शेळ्या जातात आणि एखादा दुधवाला.

तिने स्कूटी वळवली आणि थेट इंग्लिश शाळेच्या फाटकात नेली. वॉचमनने सलाम ठोकला. तिला तो चांगलाच ओळखत होता.

"या मॅडम, या," चंद्रभान सरांनी स्वतः उठून पंखा वाढवला. "भक्तीचं काही?"

"भक्तीचं नाही. फाट्यावर फ्लेक्स लागलाय, त्याचं विचारायला आले."

"चांगला झालाय न? रातोरात छापून घेतला."

"सर, दीपिका एक दिवस तरी तुमच्या शाळेत बसली का?"

दुसरा एखादा वरमला असता. चंद्रभान सर हसले. त्यांना राग कधी येतच नसे, हीच त्यांची कमाई.

"मॅडम, फ्लेक्स हाय तो, सातबारा थोडाच हाय. एवढं काय मनाला लावून घेता? बाप खुशीनं हो म्हणला, फोटोबी त्यानंच दिला. तिचा भाऊ येत्या जूनपासून आपल्याकडं यायलाय. आता ते घर आपलंच झालं की."

"भाऊ म्हणजे आदिनाथ?"

"तोच. अन् गाडीबी चालू करतोय वाडीला." मग सर खुर्चीत पुढे सरकले, आवाज खाली आणला. "खरं सांगू का, फ्लेक्सवरची ती जागा आमी भक्तीसाठीच ठेवली हुती. तुमची लेक म्हणल्यावर नवोदयला लागणारच, असं धरून चाललो. थोडक्यात गेलं पोरीचं."

राजेश्री उठली. पहिलीत येणाऱ्या सहा लेकरांच्या तिच्या यादीत आदिनाथचं नाव सगळ्यात वर होतं.

सकाळची शाळा सुटेपर्यंत तिने कसंबसं शिकवलं. दीपिकाला काही बोलली नाही, पोरीचा काय दोष. साडेअकराला शाळेला कुलूप घातलं आणि ती रायभानच्या घरी गेली. पत्र्याच्या सावलीत बसून रायभान एका कोकराला बाटलीने दूध पाजत होता. मॅडम दिसल्या तसा तो कोकरू काखेत घेऊनच उठला आणि एका हाताने घोंगडी अंथरली.

"बसा मॅडम. उनाचं कशाला आलाव, निरोप धाडायचा की."

"रायभान, चंद्रभान सरांना फोटो कोणी दिला?"

"मीच. तुमी व्हाट्सपवर पाठीवला हुता न, त्योच." तो मोकळेपणाने म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अन् ती त्यांच्या शाळेतली म्हणून त्यांनी छापलं, ते चाललं तुम्हाला?"

रायभानने बाटली जरा तिरकी केली. कोकरू बाटलीला ढुशा देत राहिलं.

"त्ये लोक चारचाकी घिऊन आले, मॅडम," तो म्हणाला. "शाल घातली मला, नारळ दिला. फोटो काढले. आमच्या दारात लोक कवा येतेत? मेंढरं रानात शिरली म्हणून शिव्या द्याया येतेत. शाल घिऊन कोण आलं हुतं आजपोत्तर?"

"मी आले नाही का?"

"तुमी तर रोजच येता," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

बबिता, त्याची बायको, पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. राजेश्रीने तोंडही लावलं नाही.

"आदिनाथला फुकट घेणार, असंच ना?"

"धाव्वीपोत्तर. अन् गाडी वाडीतच यायलीय. त्याचं बघून बाकीचेबी धाडतो म्हणायलेत."

"मग वाडीची शाळा?"

रायभानने बाटली खाली ठेवली. कोकराचं तोंड धोतराच्या सोग्याने पुसलं.

"मॅडम, राग मानू नका. दीपीला तुमी पोटच्या पोरीवानी शिकवलं, झूट न्हाई बोलणार. पन तुमची पोटची पोरगी तिथंच जाती न? तुमी शिकलेल्या. चांगलं काय, वंगाळ काय, आमच्यापरीस तुमाला जास्ती कळतंय. आमी तुमचंच बघून ठरीवलं."

टोमणा असता तर तिने दहा टोमणे परत दिले असते. बावीस वर्षं गावोगावच्या पालकांशी बोलून तिची जीभ काही बोथट झालेली नव्हती. पण रायभानच्या तोंडावर टोमणा नव्हताच. तो मनापासून बोलत होता, गुण तिच्या पदरात टाकत होता.

भक्ती आणि दीपिका एकाच जूनमध्ये पहिलीत गेल्या. भक्तीला स्कूटीवर पुढे उभं करून वाडीला आणायचं, एवढंच तर करायचं होतं. नवरा म्हणालासुद्धा होता, तुझ्यासारखी शिकवणारी असताना दुसरीकडे कशाला. तीच म्हणाली होती, वाडीच्या लेकरांत बसली तर पोरीची भाषा बिघडेल. केंद्रावरच्या एकाही शिक्षकाचं मूल जिल्हा परिषदेत नव्हतं. सगळ्यांच्या लेकरांना टाय होते. तिच्याच लेकीला नसता तर बैठकीत बायका काय म्हणाल्या असत्या, या एका धाकापायी तिने फी भरली. दुसऱ्यांना मात्र दरवर्षी पाडव्याला आपल्या शाळेचे गुण ऐकवत फिरली. लाज वाटली तिला. इतकी, की घोंगडीचे धागे उपसत बसली.

"त्यो कागुद तेवढा देता का?" रायभानने चाचरत विचारलं. "परवा शेवटची तारीख हाय म्हणत्यात."

नवोदयच्या प्रवेशाला मुख्याध्यापकाचा दाखला लागतो. मुलगी तिसरी, चौथी, पाचवी याच शाळेत शिकली, असा. शाळेत मुख्याध्यापक म्हणून तीच होती. कोरा नमुना आणि शिक्का पिशवीतच होता. तिने तो कागद बाहेर काढला, मांडीवर वहीवर ठेवला, आणि पेनाचं टोपण काढून थोडा वेळ तशीच बसली. उद्या या म्हणता आलं असतं. जा त्यांच्याकडूनच घ्या, त्यांचीच आहे ना, असंही म्हणता आलं असतं. ते वाक्य अगदी ओठावर आलं होतं.

तेवढ्यात दीपिका आतून आली आणि बापाच्या मागे उभी राहिली. अंगावर शाळेचाच शर्ट, केसांत पिवळ्या फुलाची क्लिप.

"मॅडम, त्या फोटूत माज्या गळ्यात काय बांधलंय?"

"टाय."

"मला तर बांधायला येत न्हाई. तिथं गेल्यावर बांधावा लागंल का?"

"लागला तर शिकवतील," राजेश्री म्हणाली आणि लिहू लागली. शाळेचं नाव तिने ठळक, गोल अक्षरांत लिहिलं. एवढ्या ठळक अक्षरांत ती एरवी दाखले लिहीत नसे. हा कागद एक कारकून एकदा बघणार आणि फाइलीला लावणार. तिने सही केली, शिक्का दाबला, तो सुकेपर्यंत फुंकर घातली आणि कागद दीपिकाच्या हातात दिला.

पोरीने वाकून पाय धरले. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि राजेश्री तिथून निघाली.

फाट्यावर आली तेव्हा पिवळी बस नुकतीच पुढे गेली होती. दुपारी घरी जाताना भक्ती रोज इथूनच आईच्या स्कूटीवर बसायची; आज ती फ्लेक्सच्या सावलीत उभी होती, कारण तेवढीच सावली होती. पाठीवर दप्तर, गळ्यातला टाय सैल करून त्याचं टोक खिशात कोंबलेलं. ती मान वर करून फोटो बघत होती.

"मम्मी, ही आमच्या वर्गात नव्हती."

"माहीत आहे."

"सर म्हणले, कोणी विचारलं तर होती म्हणून सांगायचं."

"मग?"

"सगळे हो म्हणले." भक्तीने खांदे उडवले. "मीपण म्हणले."

राजेश्रीने तिचं दप्तर घेऊन पायाशी ठेवलं. भक्ती अजून फोटोकडेच बघत होती.

"ती क्लिप माझी आहे ना? किती शोधली मी."

"तुला दुसरी आणते."

"नको, राहू दे." ती मागे बसली. स्कूटी सुरू व्हायच्या आत तिने विचारलं, "तू सकाळी लवकर जायचीस ते हिलाच शिकवायला?"

"हिला अन् अजून तिघांना."

"आमचे सर नुसती उत्तरं पाठ करून घ्यायचे. पहिल्याचं बी, दुसऱ्याचं डी. पेपरात प्रश्न वेगळेच आले." तिने सीटवर बोटाने एक तिरकी रेघ ओढली. "मम्मी, ते आरशातल्या आकृत्यांचं असतं ना, उलटं काय दिसेल ते. तुला येतं?"

"येतं."

"समजावून सांगता येतं?"

"हो."

रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. एक जीप फाट्यावर थांबली, माणसं उतरून फ्लेक्स वाचू लागली.

"मला माहीतच नव्हतं," भक्ती म्हणाली.

राजेश्रीने किल्ली फिरवली. रोज मागून दोन हात तिच्या कमरेला येत, मगच ती गाडी हलवायची. आज थोडं थांबून तिने मागे पाहिलं. भक्तीने सीटच्या मागची दांडी धरली होती.