उपवासाचे पिंप

राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळी बिअर बनवणारा गांगोल्फ आला तेव्हा त्याच्या हातात नव्या बिअरच्या नमुन्याची दगडी सुरई होती आणि चेहऱ्यावर आधीच जिंकून आलेल्या माणसाचा कंटाळा. त्याने दोन दिवसांपूर्वी पाठवलेले लाकडी पिंप वाल्बुर्गाच्या खानावळीत फळीवर निश्चल पडून होते. तोटी अजून ठोकलेली नव्हती. गावाची रीत जुनी होती. उपवासाच्या चाळीस दिवसांसाठी वर्षातून एकदाच बनणारा तो डोप्पेलबॉक, म्हणजे काळसर, जडशीळ, कडक बिअर, आधी एकाच मगातून तिघांनी चाखायचा: बनवणाऱ्याने, पाद्र्याने आणि शेवटी खानावळवालीने. तिघांनी होकार दिला की तोटी ठोकायची. एकाचाही नकार आला, तर पिंप त्या घरात राहायचे नाही.

ते मग कुठे जाईल, हे कोणी सांगायला नको होते. महामार्गावर नवे हॉटेल उभे होते, आणि त्याचा मालक गांगोल्फच्या खांद्यावर हात टाकून फिरत होता. वाल्बुर्गाची खानावळ वर्षभर जगे ती या चाळीस दिवसांच्या लौकिकावर. तो गेला की उरणार होत्या चार थंड खोल्या आणि एक चूल.

"हा मग गार पाण्यानं विसळलात ना, वहिनी? गेल्या साली फेसात साबणच जास्त होता," गांगोल्फ म्हणाला.

"गेल्या साली तुमची जीभ हॉटेलवाल्याच्या ताटात होती, भाऊजी. इथली चव तुम्हाला कळणार कशी?"

फादर एमेरम खुर्चीत अवघडले. त्यांच्या कपाळावर सकाळच्या प्रार्थनेत लावलेली राख तशीच होती. "अहो, आजच्या दिवशी तरी..."

"आजचाच दिवस बरा आहे, फादर," वाल्बुर्गा म्हणाली. "राख आमच्या घरावर दोन वर्षांपूर्वीच पडली."

दोन वर्षांपूर्वी वेंडेलिन गेला होता. तिचा नवरा, गांगोल्फचा थोरला भाऊ. डोंगराच्या पोटातल्या तळघरात तो ही बिअर मुरण्यासाठी चार महिने झोपवी आणि कोणी घाई केली तर दार लावून घेई. त्याच्या मागे ब्रुअरी धाकट्याकडे गेली, आणि तिच्याबरोबर दाराची किल्लीही.

टेबल तिने पहाटेच मांडले होते. धुरावलेला ट्राउट मासा, डोळ्यांत पाणी आणणारा मुळ्याचा कीस, दीड वर्ष जुने चीज. कडक बिअरला ताटही कडक लागते. धूर, चरबी आणि खार तिच्या गोडव्याला सामोरे उभे राहतात, तेव्हा कुठे तोंडात दोघांचा तोल साधतो.

सुरईचे बूच काढता काढता गांगोल्फ सहज म्हणाला, "आणि हो, सळई तापत घाला."

वाल्बुर्गाचा हात थबकला. लालबुंद सळई मगात बुडवली की फेस उबदार होतो, वरची साखर करपते आणि बिअरला जळक्या गुळाची चव येते. गावातल्या म्हाताऱ्यांना ते आवडे. गांगोल्फ मात्र आयुष्यभर त्याला 'दात पडलेल्यांचं खेळणं' म्हणून हिणवत आला होता.

ती सुरईवर वाकली. भाजलेल्या जवाच्या, माल्टच्या, दाट, पावासारख्या वासाखालून काहीतरी हिरवे, टोचरे वर येत होते. न पिकलेल्या सफरचंदाची साल नखाने खरवडावी तसे. तिला सारे उमगले. चार महिने नव्हे; दीड महिनाही नसेल. हॉटेलला माल हवा होता, म्हणून याने झोपलेल्याला अर्ध्या झोपेतून ओढून काढले होते. आणि आता धूर, मुळा, चीज आणि करपलेली साखर मिळून ते पाप झाकणार होती. झाकलेही असते. पिंप राहिले असते, खानावळ राहिली असती, आणि तिला कोणी बोल लावला नसता.

तिने ताट उचलले आणि आत नेले.

ती परतली तेव्हा तिच्या हातात मिठाच्या पाण्यात उकडलेला कार्प मासा होता आणि सोबत सोललेले बटाटे.

"हे काय? आजाऱ्याचं पथ्य?"

"उपवास आहे ना, भाऊजी. आणि सळई तापणार नाही. आज जिभेला जिभेचं काम करू द्या."

आपण हे सत्यासाठी करतो आहोत की सुडासाठी, असे तिने स्वतःला विचारले. आणि सुरईतली बिअर मगात ओतली.

गांगोल्फने मोठा घोट घेतला आणि मिशी पुसली. "उत्तम."

फादरांनी माशाचा तुकडा खाल्ला आणि घोट घेतला. त्यांनी तो मग खिडकीच्या उजेडात धरला आणि पुन्हा ओठांना लावला.

"थोडी... सफरचंदासारखी," ते म्हणाले. "हिरव्या."

"मासा पांचट आहे म्हणून तसं लागतं, फादर! ते चीज आणायला सांगा तिला."

फादरांनी दिराकडे पाहिले, भावजयीकडे पाहिले, आणि त्यांची नजर खाली गेली. "असेल. माझं वय झालं. माझ्याकडून होकार."

बिअरचा मग तिच्यापुढे सरकला. वाल्बुर्गाने घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला. आधी गोडवा, मग ती हिरवी आंबूस धार, आणि शेवटी घशाला ओरबाडणारी नुसती दारू. मध्ये काहीच नव्हते. जिथे चार महिने असायला हवे होते, तिथे भोक होते.

"माझा नकार."

"वहिनी, विचार करा. पिंप आत्ता उचललं तर परत येणार नाही. यंदा नाही, पुढल्या साली नाही."

"उचला. कच्चं आहे. तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही सळई मागितली नसती."

गांगोल्फची मान तांबडी झाली. त्याने फादरांकडे पाहिले. फादर बटाटा सोलू लागले, जो आधीच सोललेला होता. मग त्याने पिंप खांद्यावर घेतले आणि लाथेने दार उघडले.

बाहेर पंधरा-वीस माणसे तोटीवरच्या हातोड्याच्या आवाजाची वाट पाहत उभी होती.

"चला हॉटेलात!" तो ओरडला. "इथं चाळीस दिवस पाणी मिळेल!"

"आमच्या विहिरीचं पाणी तरी मुरलेलं आहे," वाल्बुर्गा उंबऱ्यातून म्हणाली. "ही बिअर कच्ची आहे. प्यायची असेल त्यानं डोळे उघडे ठेवून प्यावी."

कोणी हसले नाही. एकेक जण आत आला, भिंतीवरच्या खिळ्यावर वर्षभर टांगलेला आपापला मग काढून घेऊन हॉटेलाच्या वाटेला लागला. काहींनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. एकाने दिली आणि म्हटले, "तुझ्या भांडणात आमचा उपवास का, वाल्बुर्गा?"

शेवटचा मग निघाला, तशी भिंत नुसत्या खिळ्यांची झाली. फादरही टोपी शोधत उठले.

"बसा," ती म्हणाली. आवाजात आर्जव नव्हते. "निम्मा मासा उरलाय. आणि खोटं बोलल्यावर माणसानं उपाशी जाऊ नये."

फादर बसले.