एकोडीच्या बांधीतला व्याही

मोठे साहेब वारल्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हा विमलाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता पुन्हा बोलावणं येणार. दुःखबिःख नंतर. आधी नुसता कंटाळा आला.

आणि आलंच बोलावणं. वासुदेवराव स्वतः आले. एकोडीत ज्यांच्या धानाच्या बांध्या सगळ्यांत जास्त आणि ज्यांच्या शब्दाला साकोलीपर्यंत वजन, असा माणूस आपल्या दारात खुर्ची मागून बसतो तेव्हा काम त्याचंच असतं, एवढं विमलाबाईला आयुष्यभराच्या मजुरीनं शिकवलं होतं.

"बाई, गुरुवारी साकोलीले श्रद्धांजली सभा ठेवली," ते म्हणाले. "माजी पंतप्रधानाचे पाय आपल्या बांधीले लागले, हे का लहान गोष्ट आहे? या खेपेले तुमीच बोलायचं."

"मी जी? आजवर तं मी नुसती उभी राहात होती."

"आता उभं राहून भागत नाई. पेपरवाले येऊन राहिले. दोन शब्द सांगायचे. साहेब बांधीवर आले, तुमी त्याइले ओवाळलं, त्याइनं आशीर्वाद देला. झालं."

"ओवाळलं नोहतं, मालक."

"मले मालूम नाई का?" वासुदेवराव हसले. "पण मेलेल्या माणसाच्या सभेत चिखल बरा दिसते का?" आणि उठता उठता, चप्पल पायात सरकवत म्हणाले, "रश्मीचं ध्यानात आहे माझ्या. अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली का मी शब्द टाकतो."

रश्मी ही विमलाबाईची धाकटी लेक. बारावी होऊन घरी बसलेली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. मालक गेल्यावर ती बाहेर येऊन म्हणाली, "सांगून टाक ना माय. काय जाते आपलं?"

काय जाते, हे विमलाबाईला धड सांगता येईना. जात होतं मात्र खरं.

झालं होतं ते असं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतला एक रोवणा, म्हणजे धानाची लावणी. वासुदेवरावांच्या बांधीत शेवटचे पऱ्हे, धानाची रोपं, लावणं चालू होतं आणि विमलाबाई बायांच्या टोळीची म्होरकी होती. टोळीची एक जुनी रीत होती. रोवणा संपायच्या दिवशी मालकाचा व्याही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सापडला, तर त्याला चिखलानं माखायचं, त्याच्या हातून मूठभर पऱ्हे लावून घ्यायचे आणि तोवर त्याची यथेच्छ टिंगल करायची. त्यात राग धरायचा नाही. त्या वर्षी मालकाच्या लेकीचं, मेघाचं लग्न ठरलं होतं, नवा व्याही बसनं यायचा होता आणि मालक त्याला आणायला साकोलीच्या स्टँडवर जाऊन बसले होते.

इकडे सडकेवर एक ट्रॅक्टर फसला. त्याच्यामागे दोन गाड्या अडकल्या. त्यातल्या एकीतून पांढऱ्याशुभ्र धोतरातला एक म्हातारा उतरला आणि पाय मोकळे करायला धुऱ्यावर आला. सत्ता गेलेल्या माणसामागे लवाजमा तो किती असणार! बरोबरचे पोलीस ट्रॅक्टर ढकलायला लागले होते. टोळीतल्या धुरपतानं मान वर केली आणि बोंब ठोकली, "व्याही आला वो!"

मग काय विचारता! बायांनी म्हाताऱ्याला गराडा घातला. विमलाबाईनं ओंजळभर चिखल उचलला आणि त्याच्या पायांपासून धोतरावर गुडघ्यापर्यंत मन लावून फासला. बाया ओरडत होत्या, "व्याह्याचं पोट पाहा वो! आमची पोरगी रांधू रांधू मरन!" म्हातारा दचकला, पण जागचा हलला नाही. त्यानं हिंदीत विचारलं, "अब क्या करना है?" विमलाबाईनं त्याच्या हातात पऱ्ह्यांची मूठ दिली. तो कण्हत वाकला आणि ते पऱ्हे त्यानं असे वाकडेतिकडे खुपसले की बाया पोट धरून हसल्या. तोही हसला. मग त्यानं तिला एक गोष्ट विचारली, तोच पोलीस शिट्ट्या फुंकत, बांधी तुडवत आले. हा व्याही कोण हे तेव्हा बायांना कळलं आणि त्यांनी चिखलाचे हात पदराआड लपवले. साहेब मात्र पोलिसांना म्हणाले, "रहने दो भाई, मैं इनका समधी हूँ." आणि तसेच चिखलाच्या धोतरानं गाडीत जाऊन बसले.

एवढीच गोष्ट. पण वासुदेवराव परतले ते नशिबाला बोल लावतच. देशाचा माजी पंतप्रधान त्यांच्या शेतात येऊन गेला आणि ते स्टँडवर व्याह्याची बस बघत होते! महिन्याभरात गोष्टीत तेही हजर झाले. वर्षभरात चिखल पुसला गेला आणि तिथं ओवाळणीचं ताट आलं. विमलाबाईच्या घरात बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागायची, ओवाळणीचं ताट तिनं कधी विकतही घेतलं नव्हतं. पण विचारतो कोण? तलाव खोल करायचं निवेदन असो, शाळेचं गॅदरिंग असो की कुणा पुढाऱ्याचं स्वागत, तिला धुतलेलं लुगडं नेसवून उभं करायचं आणि हिनंच ओवाळलं हो, म्हणून सांगायचं. ती उभी राहायची. मजुरी बुडायची ती बुडायचीच. इतक्या वर्षांत तिला कुणी तोंड उघडू दिलं नाही, आणि तिलाही वाटायचं, खोटं बोलतो तो बोलणारा, आपण तर नुसत्या उभ्या आहोत.

गुरुवारी मात्र माइक तिच्याच हातात आला. चार भाषणं होऊन गेली होती. मंडपात उकडत होतं, लोक पेंगत होते, उभं राहून तिचे पाय भरून आले होते. समोर तिसऱ्या रांगेत रश्मी नवा ड्रेस घालून बसली होती, आणि लेकीकडे बघून विमलाबाईनं ठरवलंच होतं की सांगून मोकळं व्हायचं. दोन शब्द तर आहेत.

"साहेब बांधीवर आले," ती म्हणाली. "मी त्याइले..."

तिची नजर बाजूच्या फोटोकडे गेली. फोटोतला हार घातलेला म्हातारा तिच्याकडे बघत होता. त्याच्या आयुष्यात तिच्यासारखी बाई ती काय, घटकाभराची. पण तिच्याशी तो जे बोलला होता ते तिच्या चिखलाच्या हातांकडे बघून बोलला होता. ताट हातात असतं तर त्यानं ते विचारलंच नसतं. आता ओवाळलं म्हटलं की ते बोलणंही खोटं होणार होतं, आणि तेवढं एकच तिच्याजवळ तिचं असं उरलं होतं.

"मी त्याइले चिखल फासला," ती म्हणाली. "व्याही समजून. त्याइनं पऱ्हेबी लावले, वाकडे. मंग त्याइनं मले इचारलं..."

मंडप खडबडून जागा झाला. कुणीतरी खुदकन हसलं. वासुदेवराव हसऱ्या चेहऱ्यानं उठले, माइक तिच्या हातातून अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "बाईइले दुःख अनावर झालं. आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू." सगळे उभे राहिले. साहेबांसाठीची ती शांतता विमलाबाईच्याच तोंडावर बसली.

परतीच्या बसची वाट बघत मायलेकी स्टँडवरच्या बाकावर बसल्या.

"तुही अंगणवाडीची जागा गेली, बाई," विमलाबाई म्हणाली.

"गेलीच," रश्मी म्हणाली. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि मग विचारलं, "काय इचारलं होतं त्याइनं?"

"कोनं?"

"साहेबानं. तू सांगून राहिली होती, तं मालकानं माइक घेतला."

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विमलाबाईनं लेकीकडे नीट बघितलं. रश्मी खरंच उत्तराची वाट बघत होती.

"'थक जाती होंगी, बाई?' असं म्हणे."

"मंग? तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? तवर पोलीस आले नाई का!"

"मंग आता सांग."

विमलाबाई लेकीजवळ सरकली. मग लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"थकतो जी आमी," ती म्हणाली. "लय थकतो."